भाव मशीनवर नाही, ड्रॉईंगवर ठरतो

शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड, पलूस. कुठल्याही एमआयडीसीत दोन वर्कशॉपवाले भेटले की पाचव्या मिनिटाला बोलणं रेटवर येतं. व्हीएमसीचा तासाचा रेट काय घेतोस, पार्टीने या वेळी किती कापले, शेजारचा किती खाली उतरला. मशीनचा हप्ता ठरलेला, वीजबिल ठरलेलं, ऑपरेटरचा पगार ठरलेला. मग उरतो फक्त सायकल टाइम. दहा मिनिटांचा जॉब साडेनऊ मिनिटांत कसा काढायचा, यावर रात्र रात्र डोकं चालतं.

पण त्या दहा मिनिटांतली बरीचशी मिनिटं मशीनवर जन्मालाच आलेली नसतात. ती आधीच, दूर कुठल्यातरी ऑफिसात, ड्रॉईंगवर लिहिली गेलेली असतात. आपण फक्त ती भोगतो.

आज थोडा इतिहास सांगतो, कारण ही काही आजची गोष्ट नाही. पावणेदोनशे वर्षांपासून कारखानदारी हेच पुन्हा पुन्हा शिकत आली आहे.

आधी मुद्दा नीट कळावा म्हणून एक साधा जॉब घेऊ. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ३० मिमी खोल चौकोनी पॉकेट काढायचं आहे. एंडमिल गोल फिरते, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात गोलाई राहणारच. ड्रॉईंगवाल्याने कोपऱ्याची त्रिज्या २ मिमी दिली, की ४ मिमीपेक्षा जाड टूल त्या कोपऱ्यात पुरतं शिरत नाही. ४ चं टूल ३० खोल घालायचं म्हणजे ते व्यासाच्या साडेसात पट बाहेर लोंबणार. ते थरथरतं, फीड उतरवावा लागतो, फिनिश बिघडतो, शेवटी टूल तुटतं. तीच त्रिज्या ५ मिमी दिली असती तर ८ चं टूल चाललं असतं. लोंबणं चौपटीच्या आत आलं असतं, आणि कोपऱ्यात टूल अडकून न थांबता वळून निघालं असतं. आणि कोपरा पूर्ण काटकोनीच हवा म्हटलं, तर मिलिंगच संपलं, जॉब ईडीएमला पाठवा.

त्या पॉकेटमध्ये जे बसणार आहे त्याला २ ने किंवा ५ ने काही फरक पडतो का? बऱ्याचदा पडत नाही. बदलला काय, तर कागदावरचा एक आकडा.

असे आकडे ड्रॉईंगवर भरपूर असतात. पातळ भिंत दिली की ती कटिंगच्या दाबाने वाकते, हळू कापावी लागते. ८ मिमीच्या बोल्टसाठी ३० मिमी खोल आटे दिले की टॅप तुटायची भीती. खरं तर बोल्टच्या व्यासाच्या दीडपट आटे धरले की त्यापुढे ताकदीत फारशी भर पडत नाही. पाच बाजूंना एकेक भोक दिलं की साध्या तीन ॲक्सिसच्या मशीनवर जॉब पाच वेळा सोडा, पाच वेळा बांधा. प्रत्येक बांधणीला वेळ जातो आणि प्रत्येक बांधणीला चूक शिरते. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे टॉलरन्स. तो मात्र नीट समजून घ्यायला मागे जावं लागेल.

१८४१ सालचं इंग्लंड. तेव्हा प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. रेल्वे वाढत होती, इंजिनं गावोगावी जात होती, आणि एक नट हरवला तर तो मुद्दाम घडवून घ्यावा लागे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने वेगवेगळ्या वर्कशॉपमधले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यातून मधली मापं काढली आणि एकच पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे ते ठरलेलं. त्याने काही नवीन मशीन शोधलं नव्हतं. त्याने फक्त एवढंच सांगितलं की मनाला येईल ते माप कागदावर लिहू नका. स्वस्ताईचा हा पहिला धडा. जे माप बाजारात तयार मिळतं, ज्याचं ड्रिल आणि टॅप कपाटात आहे, ते लिहा. आज कुणी कारण नसताना ९.३ मिमीचं भोक देतो, तेव्हा तो व्हिटवर्थच्या आधीच्या काळात जगत असतो.

दुसरा धडा शंभर वर्षांनी आला, आणि तो वरवर उलटा वाटतो.

दुसरं महायुद्ध. स्पिटफायर विमानात रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन. इंजिनं कमी पडत होती, म्हणून ब्रिटनमधल्या फोर्ड कंपनीलाही ती बनवायला सांगितलं. स्टॅनली हूकर हे रोल्स-रॉईसचे इंजिनिअर. त्यांनी आत्मचरित्रात हा किस्सा सांगितला आहे. फोर्डचा माणूस ड्रॉईंग बघून म्हणाला, या ड्रॉईंगवरून आम्हाला इंजिन बनवता येणार नाही. हूकरना वाटलं, टॉलरन्स फार कडक वाटत असतील, बिचारे मोटारी बनवणारे. तो म्हणाला, उलट, फार सैल आहेत!

गंमत बघा. रोल्स-रॉईसकडे नाणावलेले फिटर होते. पार्ट थोडा इकडेतिकडे असला तरी ते कानस घेऊन, घासून, जुळवून बसवायचे. ती जुळवाजुळव ड्रॉईंगवर कुठेच नव्हती, ती फिटरच्या हातात होती. फोर्डची पद्धत वेगळी. तिथे कुठलाही पार्ट उचलला तरी तो कुठल्याही इंजिनात बसला पाहिजे, हात न लावता. फोर्डने ड्रॉईंग नव्याने काढली, त्यात जवळजवळ वर्ष गेलं. पण नंतर मँचेस्टरच्या कारखान्यातून तीस हजारांवर मर्लिन इंजिनं बाहेर पडली, आणि ती बनवणाऱ्यांत कारखान्याचं तोंडही आधी न पाहिलेली माणसं आणि बाया मोठ्या संख्येने होत्या.

म्हणजे कडक टॉलरन्स महाग की स्वस्त? उत्तर असं, की कशासाठी आणि किती नगांसाठी ते आधी सांगा. हजारो नग काढायचे असतील आणि जोडणीतली घासाघास वाचणार असेल, तर कडक टॉलरन्स पैसे वाचवतो. पन्नास नगांच्या ऑर्डरमध्ये, ज्या पृष्ठभागाला दुसरं काहीच टेकणार नाही, तिथे ०.०१ मिमी मागणं म्हणजे पैसे जाळणं.

हाच विचार त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये एक माणूस दुसऱ्या बाजूने करत होता. स्टॅनली पार्कर, अलेक्झांड्रियाच्या रॉयल टॉर्पेडो फॅक्टरीत. त्याच्यापुढचा घोळ असा होता, की तपासणीत नापास झालेले पार्ट जोडणीत मात्र व्यवस्थित बसायचे. पार्ट चांगला, जोडणी चांगली, मग नापास का? तर ड्रॉईंगने चुकीचा प्रश्न विचारला होता म्हणून.

भोकाची जागा आपण आडवी अधिक-उणे इतकी, उभी अधिक-उणे इतकी अशी देतो. म्हणजे भोकाच्या मध्याला फिरायला एक छोटा चौकोन मिळतो. चौकोनाच्या कोपऱ्यात मध्य गेला तरी पार्ट पास. पण तेवढ्याच अंतरावर सरळ आडवा सरकला तर नापास! बोल्टला मात्र चौकोन कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की मध्य किती लांब गेला, दिशा कुठलीही असो. पार्करने म्हटलं, मग चौकोन कशाला, त्याच्या कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ द्या. हिशेब करून बघा, वर्तुळाचं क्षेत्रफळ चौकोनापेक्षा ५७ टक्के जास्त भरतं. मशीन तेच, मेस्त्री तोच, जोडणी तितकीच पक्की, आणि चुकायला ५७ टक्के जास्त जागा. फुकटात. १९४० साली त्याने हे विचार छापले, आणि आज ड्रॉईंगवर जी जीडी अँड टीची चिन्हं दिसतात त्यांच्या मुळाशी तो आहे. आपल्याकडे बरेच जण ही चिन्हं दिसली की घाबरतात, रेट वाढवून सांगतात. खरं तर ती नीट वापरली तर वर्कशॉपच्या बाजूची आहेत.

आता सीएनसीकडे येऊ. हे मशीन कशासाठी जन्मलं, ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याचा वळणदार आकार तपासायला टेम्प्लेट लागायची. त्याने पंचकार्डाच्या हिशेबयंत्रावर त्या वळणावरचे बिंदू काढून घेतले आणि कारागिरांकडून मशीन बिंदू-बिंदूने सरकवून आकार काढला. मग डोक्यात आलं, की हे आकडे मशीनलाच का देऊ नयेत? १९४९ साली अमेरिकन हवाई दलाने त्यासाठी कंत्राट दिलं, काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांसमोर उभं राहिलं. त्याचं कंट्रोल कपाट मशीनपेक्षाही जास्त जागा खायचं. पुढे हवाई दलानेच शंभरावर अशी मशीनं घेऊन विमान कंपन्यांच्या कारखान्यांत ठेवली.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. हे मशीन स्वस्त पार्टसाठी जन्मलंच नव्हतं. जो आकार हाताने निघत नाही तो काढण्यासाठी जन्मलं, आणि पैसे सरकारचे होते. लहान वर्कशॉपच्या आवाक्यात ते यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. मशीनवरच छोटा कॉम्प्युटर बसला, जपानी कंपन्यांनी साधी आणि स्वस्त मशीनं काढली, तेव्हा कुठे ते सर्वसामान्य कारखानदाराच्या दारात आलं.

पण येताना एक मोठा बदल घेऊन आलं. जुन्या काळी ड्रॉईंग आणि लोखंड यांच्या मध्ये एक माणूस उभा असायचा. टर्नर, मिलर, टूलरूमचा मेस्त्री. वेडंवाकडं ड्रॉईंग आलं की तो थेट ड्रॉईंग ऑफिसात जाऊन म्हणायचा, साहेब, हे असं निघत नाही, इथे गोलाई द्या. सीएनसी आल्यावर तो आवाज गेला. ड्रॉईंगवरून प्रोग्रॅम, प्रोग्रॅमवरून मशीन. मशीन तक्रार करत नाही. सांगाल ते निमूट करतं, फक्त मिनिटं लावतं. आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर आकार काढणाऱ्या पोराला टोकदार कोपरा काढायला आणि गोल कोपरा काढायला तितकेच क्लिक लागतात. त्या क्लिकची किंमत त्याला दिसतच नाही. ती कुपवाडच्या शेडमध्ये रात्रपाळीला दिसते.

परदेशात हे लोकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स होता. युद्धात माल मिळेना, म्हणून पर्याय शोधावे लागले, आणि दिसलं की पर्याय कित्येकदा स्वस्तही पडतो आणि कामही तितकंच किंवा जास्त चांगलं करतो. १९४७ साली त्याने यातून एक पद्धत बसवली. प्रत्येक पार्टला विचारायचं, तू काय काम करतोस? तेच काम आणखी कशाने होईल? पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी पार्ट बनवायला आणि जोडायला किती खर्च येईल ते ड्रॉईंग टेबलवरच मोजायची रीत घालून दिली. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांत हा स्वतंत्र विषय आहे.

आता आपल्याकडे बघू, कारण मला खरं बोलायचंय ते इथे.

आपल्या भागातली कारखानदारी कुणी सुरू केली? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. ते मूळचे कोण? ड्रॉईंग मास्तर. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, मग यंत्रांच्या ड्रॉईंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवायला लागले. बढतीत डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे आधी सायकलचं दुकान होतं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमिनीला विष चढतं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. या माणसाच्या एका हातात पेन्सिल होती आणि दुसऱ्या हातात ओतकाम. नांगर कसा असावा, हे त्याचं तोच ठरवत होता.

पुढच्या पिढ्यांत आपण ओतकाम वाढवलं, मशीनं वाढवली. १९६२ साली एमआयडीसी झाली, पुण्याकडे वाहनांचे मोठे कारखाने आले, त्यांना सुटे भाग लागले, आणि आपली शेकडो वर्कशॉप त्यावर उभी राहिली. त्याने घरं चालली, पोरं शिकली, हे कुणी नाकारू नये. पण या सगळ्यात पेन्सिल आपल्या हातातून सुटली. ड्रॉईंग पार्टीकडून येतं. आपण म्हणतो, "ड्रॉईंगप्रमाणे करून देतो." हे वाक्य आपण अभिमानाने बोलतो, आणि त्याच वाक्यात आपला नफा गमावतो.

सरकारही मशीनच बघतं. मशीनच्या कर्जावर १५ टक्के भांडवली अनुदान देणारी केंद्राची योजना आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होती. पण लघुउद्योगांच्या डिझाईनसाठी २०१० साली डिझाईन क्लिनिक नावाची योजना निघाली, अहमदाबादच्या एनआयडीमार्फत, आणि २०२२ पासून एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत डिझाईनचा वेगळा भाग आहे. तुमच्या गल्लीत किती जणांनी याचं नाव ऐकलंय? आयटीआयमध्ये पोराला ड्रॉईंग वाचायला शिकवतात. ड्रॉईंगला प्रश्न विचारायला शिकवत नाहीत.

लगेच कुणीतरी म्हणेल, पार्टी ऐकणार आहे का? बरोबर आहे, गाडी एकदा उत्पादनात गेली की ड्रॉईंग बदलणं अवघड असतं, पुन्हा चाचण्या, पुन्हा मंजुऱ्या. म्हणून सॅम्पलच्या वेळीच बोला. कोटेशन देताना दोन भाव द्या. एक, ड्रॉईंग आहे तसं. दुसरा, हे तीन बदल मान्य असतील तर. तिसरं काही सांगायची गरज पडत नाही, पार्टीच फोन करते.

दुसरी भीती जास्त खरी आहे. आपण मिनिटं वाचवून दाखवली की पार्टी तेवढा रेट कापते, मग आपल्याला काय मिळालं? यालाही जुनं उत्तर आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६० च्या दशकातच कंत्राटांत कलम घातलं, की पुरवठादाराने काम न बिघडवता खर्च कमी करणारा बदल सुचवला आणि तो मान्य झाला, तर वाचलेल्या पैशात त्याचा वाटा. आपल्या उद्योजक संघटना रस्ते, वीज, पाणी यासाठी भांडतात, भांडलंच पाहिजे. पण मोठ्या कंपन्यांशी बोलणी होतात तेव्हा हे कलम मागितलं पाहिजे. एकट्या वर्कशॉपवाल्याचं कोण ऐकतो, संघटनेचं ऐकावं लागतं.

आणि संघटना मागेल तेव्हा मागेल, तोवर एवढं तरी आपल्या हातात आहे. नवीन ड्रॉईंग आलं की रेट काढायच्या आधी पाच प्रश्न विचारा. हा पार्ट कशात बसतो? कुठली मापं खरंच जुळावी लागतात? आतल्या कोपऱ्यांना मोठी त्रिज्या चालेल का? भोकं एकाच बाजूला आणता येतील का? बाकी मापांना सर्वसाधारण टॉलरन्स चालेल का? आयएसओ २७६८ च्या मध्यम वर्गात १०० मिमीच्या मापाला अधिक-उणे ०.३ मिमी मिळतात. पुष्कळ पार्टांच्या पुष्कळ मापांना ते भरपूर होतं.

हे प्रश्न मालकानेच विचारायला हवेत असं नाही. तुमचा जो ऑपरेटर जॉब बांधताना पुटपुटतो ना, "कुणी काढलंय हे ड्रॉईंग", त्याला बाजूला बसवा आणि विचारा, तू असतास तर कसं काढलं असतंस? जुन्या मेस्त्रीचा तो हरवलेला आवाज अजून शॉपमध्येच आहे. फक्त तो ड्रॉईंग ऑफिसपर्यंत पोचत नाही.

ज्यांचं वर्कशॉप आहे, त्यांनी कमेंटमध्ये सांगा. ड्रॉईंगवरचा एखादा आकडा बदलून घेतल्याने जॉब सोपा झाला, असं तुमच्याकडे घडलंय का? पार्टीचं नाव लिहू नका, फक्त आकडा आणि वाचलेली मिनिटं लिहा. वीस-पंचवीस उदाहरणं जमली तर तीच यादी आयटीआयच्या पोरांना देऊ.